बाळाला उत्तर कोण देणार?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यम खात्यांवर बंदी आणली आणि आपल्याकडेही मुलांच्या मोबाइलची चर्चा सुरू झाली. पण भाषेचा पाया पहिल्या तीन वर्षांत घातला जातो. त्या वयात मुलाचे खाते कुठेच नसते. मोबाइल समोर येतो तो घास भरवताना.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला दोन वर्षांखाली पडदा नकोच, असा आहे. सूट फक्त नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलची. या सुटीमागचे कारण महत्त्वाचे. बाळ ‘अंऽ’ म्हणाले की पलीकडून आजी ‘काय गं सोने?’ म्हणते, बाळ पुन्हा आवाज काढते. कार्टून बाळाच्या उत्तरासाठी थांबत नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांचा अभ्यास झाला. घरात अशा बोलण्याच्या फेऱ्या जास्त झालेल्या मुलांच्या मेंदूतील भाषेचा भाग गोष्ट ऐकताना अधिक सक्रिय दिसला. मोठ्यांनी किती शब्द ऐकवले किंवा घरची मिळकत किती, यावरून हा फरक उलगडत नव्हता. अभ्यास लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. ‘एबीसीडी’ घोकून घेणे म्हणजे गप्पा नव्हेत.

मुलाच्या हातातला मोबाइल सर्वांना दिसतो, आईबाबांच्या हातातला कुणी मोजत नाही. १९७०च्या दशकात एडवर्ड ट्रोनिक यांनी मातांना काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले. बाळांनी हसून, हात हलवून पाहिले, शेवटी तोंड फिरवले. स्क्रीनमध्ये बुडालेला चेहरा बाळाला फार वेगळा दिसत नसावा.

यासाठी थकूनभागून आलेल्या आईला वेगळा वेळ काढायला सांगणे अन्यायाचे आहे. आंघोळ घालताना, भाजी निवडताना बोलता येते, आणि बाबांनाही येते. केंद्राचा २०२४ चा ‘नवचेतना’ आराखडा हेच अंगणवाडी सेविकेमार्फत घरोघरी पोहोचवू पाहतो; नोंदींच्या कामातून तिला सवड मिळाली, तर.

मात्र ‘आमच्या घराण्यात मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नये. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही किंवा हाकेला वळत नाही, तर आधी कान तपासावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही तपासणी मोफत होते.