कांदा-लसूण आणि प्रतिकारशक्ती

कांदेनवमीला भज्यांचा घाणा काढायचा आणि दोनच दिवसांनी येणाऱ्या आषाढी एकादशीपासून चातुर्मासभर कांदा-लसूण वर्ज्य करायचा, ही रीत आपल्या जालना जिल्ह्यातही कित्येक घरं पाळतात. नेमके हेच दिवस सर्दी-खोकल्याचे, तापाचे. मग दोन प्रश्न हमखास निघतात. कांदा-लसूण सोडला तर प्रतिकारशक्ती घटेल का? आणि लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल घेतल्या तर ती वाढेल का?

लसणात गुण आहे, यात वाद नाही. सोललेल्या अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. खलबत्त्यात ती तिखट-मिठाबरोबर ठेचली की घर दरवळतं. पाकळीत अ‍ॅलिइन हे द्रव्य आणि अ‍ॅलिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतं. ठेचताना कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या संशोधकांनी ते वेगळं काढलं आणि ते जिवाणूंना मारतं, हे दाखवलं. ठेचल्याबरोबर लसूण कडकडीत तेलात टाकला तर विकर निकामी होतं. म्हणून ठेचल्यावर दहा मिनिटं थांबून मगच फोडणीला घालावा.

पण प्रयोगशाळेत जिवाणू मरणं वेगळं आणि माणसाची प्रतिकारशक्ती वाढणं वेगळं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लोरिडातल्या अभ्यासात १२० निरोगी माणसांपैकी निम्म्यांना मुरवलेल्या लसणाचा अर्क ९० दिवस दिला. त्यांच्या रक्तातल्या काही रोगप्रतिकारक पेशी जास्त जोमानं वाढल्या, आजाराचा जोरही कमी राहिला. पण आजारी पडायचं काही टळलं नाही. २००१ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात १४६ जण होते. १२ आठवड्यांत लसूण घेणाऱ्या गटात सर्दी २४ वेळा झाली, न घेणाऱ्या गटात ६५ वेळा. आकडे आशादायक आहेत, मात्र एवढ्या लहान अभ्यासावर औषधाचा शिक्का मारता येत नाही.

कांद्यातल्या क्वेर्सेटिन या द्रव्याचीही परीक्षा झाली आहे. अमेरिकेत सुमारे हजार माणसांना १२ आठवडे गोळ्या देऊन पाहिलं. सर्दी-खोकल्यात एकूण फरक पडला नाही. कांद्यातलं फ्रुक्टन मात्र आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्य आहे. जेवणातल्या कांद्याचं मोल तेवढं नक्की आहे.

तेव्हा चातुर्मास पाळणाऱ्यांनी मनात भीती ठेवू नये. डाळ, पालेभाजी, ताक, जालन्याची मोसंबी ताटात असली म्हणजे चार महिन्यांत शरीर दुबळं होत नाही. खाणाऱ्यांनी भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा आणि लसणाची चटणी आनंदानं खावी. महागड्या कॅप्सूलवर पैसे घालवू नयेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्क घेऊच नये. रक्तस्राव वाढू शकतो.

करोनाच्या काळात, २०२० मध्येच, लसणानं या विषाणूपासून बचाव होतो याला पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं. डेंग्यू-मलेरियालाही लसूण अटकाव करत नाही. पावसाळ्यात घरात कुणाला ताप आला तर चटणी-काढ्यावर दिवस काढू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि रक्त तपासून घ्या.