मे महिन्यातले कुलूप

१ मेचे झेंडावंदन झाले की बऱ्याच शाळांत निकाल लागतो. हल्ली प्रगतिपुस्तकाबरोबर आणखी एक कागद मुलांच्या हातात पडतो. त्यावर लिहिलेले असते, 'सुट्टीतील उपक्रम'. रोज एक पान शुद्धलेखन, २ ते ३० पाढे, टाकाऊतून टिकाऊ वस्तू, दहा पक्ष्यांची चित्रे चिकटवणे, 'पाणी वाचवा' या विषयावर पाच घोषवाक्ये आणि एखाद्या किल्ल्याची प्रतिकृती. (किल्ला मे महिन्यात कशाला? तो दिवाळीत करायचा असतो!)

या उपक्रमांचे पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. महिनाभर तो कागद फ्रिजवर चिकटलेला असतो. शाळा उघडायला चार दिवस उरले की घरात धावपळ सुरू होते. झेरॉक्सच्या दुकानात नुसते "पक्षी द्या" म्हटले की रंगीत प्रिंट मिळते. आई कापते, बाबा चिकटवतात. पूर्वी थर्माकोल असे, २०१८ च्या बंदीनंतर त्याच्या जागी पुठ्ठा आला, एवढाच काय तो बदल. रात्री अकरा वाजता किल्ल्याचा बुरूज उभा राहतो तेव्हा ज्याचा उपक्रम आहे तो मुलगा गाढ झोपलेला असतो. शाळेत त्याला 'छान' असा शेरा मिळतो. तो शेरा खरे तर बाबांचा.

शहरातली शिबिरे हा दुसरा प्रकार. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. पोहायला शिकवणारे शिबिर केव्हाही चांगले. पण सहा दिवसांच्या 'व्यक्तिमत्त्व विकास' शिबिरात आठ वर्षांच्या मुलाचे नेमके काय विकसित होते, ते मला आजवर कळलेले नाही. असो.

मुलाला मोकळे सोडले तर ते सुट्टीत शिकतेच. घरात आंब्याची आढी घातलेली असेल तर बघा. मुले दिवसातून चार वेळा पेंढा बाजूला करून वास घेतात, दाबून पाहतात. एक आंबा पिकला की त्याच्या शेजारचे भराभर पिकू लागतात, हे त्यांच्या आपोआप लक्षात येते. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो आणि तो शेजारच्या फळाला पिकायला लावतो, हे शास्त्र नंतर कळले तरी चालते. माझ्या ओळखीच्या एका मुलीने दोन आंबे मुद्दाम आढीबाहेर फळीवर ठेवले होते. का, तर कोणते आधी पिकतात ते पाहायला. तिला हे कोणी सांगितले नव्हते. प्रयोगशाळेत आम्ही वर्षभर घसा कोरडा करतो, ती तुलनेची गोष्ट तिने स्वयंपाकघराच्या फळीवर केली! कुरडयांचेही तसेच. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा आणि तो रात्रभर ठेवला की सकाळी वरचे पाणी ओतून द्यायचे. चीक पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतो, हे पाहिलेले मूल पुढे 'अविद्राव्य' हा शब्द आला तर घाबरत नाही. (मात्र कुरडया घालायला मुलींनाच बसवायचे आणि मुलगे उंडारायला मोकळे, ही वाटणी मला पटत नाही. शिकायचेच असेल तर दोघांनी शिकावे.)

एवढे लिहून थांबले तर हा लेख 'आमच्या लहानपणीचे मामाचे गाव' या जातीचा होईल. तसे लेख पुष्कळ आहेत आणि वाचायला गोडही लागतात. पण ज्या घरात आंब्याची आढी आहे, गोष्टी सांगणारी आजी आहे, चार पुस्तके आहेत, त्या घरातल्या मुलाची चिंता करण्याचे कारणच नाही. चिंता दुसऱ्याची आहे.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण पुष्कळ मुले आईबापांबरोबर कारखान्यावर जातात, कोपीवर राहतात, धाकट्या भावंडाला सांभाळतात. मार्च-एप्रिलात हंगाम आटोपला की बिऱ्हाड गावी परत येते. अर्धे वर्ष बुडालेले असते. आता ते मूल गावात आहे, आईबाप घरी आहेत, हातात दीड-दोन महिने आहेत. आणि नेमके तेव्हाच शाळेला कुलूप!

शाळेच्या दाराला असते ते ठीक आहे. उन्हाळ्यात वर्ग भरवा, असे मी मुळीच म्हणत नाही. माझी तक्रार आहे ती पुस्तकांच्या कपाटाच्या कुलपाबद्दल.

वार्षिक परीक्षा जवळ आली की मुलांकडून वाचनालयाची पुस्तके गोळा करतात. मोजणी होते, नोंदवहीशी ताळा पाहिला जातो आणि कपाट बंद होते. ते पुन्हा उघडते जून सरताना, कधी जुलैत. विदर्भात उन्हामुळे शाळाच जूनच्या अखेरीस सुरू होतात, तिथे आणखी उशीर. म्हणजे मुलाला वाचायला सर्वांत जास्त सवड ज्या दिवसांत असते, त्याच दिवसांत त्याच्यासाठी घेतलेली पुस्तके त्याला मिळत नाहीत. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा ठरवून दिली आहे. उरलेल्या दीडशेच्या आसपास दिवसांतला हा सर्वांत मोठा सलग तुकडा.

त्याचा परिणाम काय होतो, हे जूनमध्ये वर्गावर गेलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. एप्रिलमध्ये 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द सरळ वाचणारे मूल जूनमध्ये त्यावर बोट ठेवून थांबते. अमेरिकेत अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांचा बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अभ्यास केला होता. त्यांचे पुस्तक १९७८ साली आले. सुट्टीत जास्त पुस्तके वाचणाऱ्या मुलांचे शब्दज्ञान अधिक वाढलेले त्यांना आढळले आणि सुट्टीतल्या या वाढीत सार्वजनिक ग्रंथालयाचा वाटा इतर कुठल्याही सार्वजनिक संस्थेपेक्षा मोठा दिसला. सुट्टीत मुले नेमकी किती मागे पडतात, यावर तिकडच्या संशोधकांत पुढे बरेच वाद झाले. ते आकडे इकडे लावा असे माझे म्हणणे नाही. पण पुस्तक हाताशी असेल तर मूल वाचते आणि नसेल तर वाचत नाही, हे समजायला आपल्याला अटलांटाला जायची गरज नाही.

यावर जी उत्तरे मिळतात ती मी शिक्षकखोलीत कित्येक वर्षे ऐकली आहेत. पहिले, पुस्तके हरवतील. हरवतील, काही हरवतीलच. पण खरी भीती वेगळी आहे. जडसंग्रह नोंदवहीत पुस्तक कमी भरले की त्याची किंमत आपल्या पगारातून जाईल, असे शिक्षकाला वाटते. त्याला दोष कसा द्यायचा? वापरात पाच-दहा पुस्तके गहाळ होणारच, असे वरिष्ठांनी एकदा लेखी मान्य केले तर निम्मी कपाटे उघडतील. वाळवी पुस्तके खाते तेव्हा बरे कोणाच्या पगारातून कापत नाहीत!

दुसरे उत्तर, मे महिन्यात शिक्षक कुठे असतात? खरे आहे. प्रशिक्षण, मतदार याद्या, आणि त्यांनाही घरदार आहे. पण किल्ली शिक्षकाकडेच हवी असे कुठे आहे? शाळा व्यवस्थापन समिती आहे, अंगणवाडीच्या ताई आहेत, आठवी-नववीतल्या हुशार मुली आहेत. आठवडी बाजाराच्या दिवशी दोन तास कपाट उघडले तरी पुष्कळ झाले. तिसरे उत्तर अलीकडचे, की आता सगळे मोबाइलवर मिळते. 'बालभारती'चे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचता येतात. फार चांगले काम आहे ते. पण ज्या घरात एकच मोबाइल असतो तिथे तो सकाळी वडिलांच्या खिशात कामावर जातो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेने कुरणात जावे, असा तो साधा विचार होता. त्यांच्यापाशी तेव्हा ना सोयी होत्या ना पैसा. आपल्याला तर कुरणातही जायचे नाही, फक्त कपाट उघडायचे आहे.

नोकरीत असताना मी एप्रिलअखेर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन साठ-सत्तर पुस्तके पत्र्याच्या पेटीत घालून घरी आणत असे. ओसरीवर पेटी उघडी ठेवायची. वहीत तीन रकाने: पुस्तकाचे नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. 'काय समजले' असा रकाना मुद्दामच ठेवला नव्हता. तो ठेवला असता तर दुसऱ्या दिवशी निम्मी मुले आली नसती. दर वर्षी तीन-चार पुस्तके जात. कारखान्यावरून परतलेला एक मुलगा आधी पातळ, मोठ्या अक्षरांचीच पुस्तके न्यायचा. मेअखेर तो 'फास्टर फेणे'वर आला आणि तेच पुस्तक त्याने तीनदा नेले. मधेच काकाच्या लग्नाला गेला तेव्हा बरोबर घेऊन गेला. पुस्तक परत आले ते पाठीवर हळदीचा पंजा उमटलेला आणि पानांत अक्षता अडकलेल्या. वहीत मी शेरा लिहिला, 'सुस्थितीत जमा'.