श्वास मोबाइलवर, समुपदेशक कुठे?

हैदराबादलगतच्या कान्हा शांतिवनमात मुख्यालय असलेल्या हार्टफुलनेस संस्थेचे ध्यानाचे अ‍ॅप मोफत मिळते. श्वसनाचे व्यायाम शिकविणाऱ्या अशा अ‍ॅपची बाजारात रेलचेल आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री दहा मिनिटे संथ श्वसन केल्याने हृदयाचे ठोके मंदावतात, मन थोडे स्थिरावते. वसतिगृहातील विद्यार्थ्याला हा लाभ कोणालाही न सांगता घेता येतो, ही जमेची बाजू.

मात्र ताण जिथून येतो तिथे अ‍ॅप पोहोचत नाही. हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने १७ जानेवारी २०१६ रोजी जीवन संपविले. वसतिगृहातून त्याला आधीच बाहेर काढण्यात आले होते आणि त्याच्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांच्या थकीत विद्यावेतनाचा उल्लेख होता. अशा प्रश्नावर ध्यान सुचविणे म्हणजे प्रशासनाची सोयीस्कर सुटका होय.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा तत्सम तज्ज्ञ नेमण्याचे निर्देश दिले. हैदराबादप्रमाणे गोव्यातही संकुल असलेल्या बिट्स पिलानीच्या सांकवाळ येथील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंनी हा विषय त्याच वर्षी आपल्या दारात आणून ठेवला. तेव्हा ही जागा प्रत्यक्षात भरली का, आणि हजेरी-गुणांच्या धास्तीविना विद्यार्थी तिथवर जाऊ शकतो का, याचा हिशेब गोव्यातील महाविद्यालयांनी द्यायला हवा. तोवर केंद्राची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येते.