बंदुकीचें रोगण कां टिकत नाहीं?

कोंकणांत भात पोटरीस आलें कीं रानडुकरांचा उपद्रव वाढतो, आणि राखणीसाठीं परवान्याची ठासणीची बंदूक माळ्यावरून खालीं येते. त्याच वेळीं दरवर्षीं एकच तक्रार कानीं पडते: ‘उन्हाळ्यांत पैसे मोजून नळीला रोगण करून घेतलें, पावसाळा सरला नाहीं तोंच पापुद्रे सुटले. कारागिरानें फसविलें!’ आमची उमेद महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. कारागिरी हा आमचा विषय नव्हे. तथापि या प्रश्नाची झळ आमच्या घरासही लागली असल्यामुळें चार शब्द लिहिणें आम्ही कर्तव्य समजतों.

आमची वडिलोपार्जित बंदूक आम्हीं तीन वर्षांत तीनदां रंगवून घेतली. दर खेपेस दोष रंगाचा, असेंच आम्ही धरून चाललों. चौथ्या वर्षीं एका परवानाधारक कारागिरानें सगळा रंग उतरविला, तेव्हां नळीच्या बुडाशीं मसूर मावेल एवढाले खड्डे दिसले. ‘ही नळी पुन्हां ठासूं नका, फुटेल,’ असें त्यानें बजाविलें. रंग जर चांगला टिकला असता, तर तें व्यंग झांकलेलेंच राहिलें असतें, व कोणाचा तरी हात किंवा डोळा गेला असता.

यावरून आम्ही जें शिकलों तें असें. नळीवरील निळसर काळा रंग, ज्यास ब्लूइंग म्हणतात, तो लोखंडाच्याच काळ्या गंजाचा अत्यंत पातळ थर होय. त्याचें मुख्य काम तेल धरून ठेवणें हें आहे. तेलावांचून तो एकटा पावसाळी हवेस पुरा पडत नाहीं. भट्टींत भाजून बसविलेला रंग अधिक टणक खरा, परंतु खालील लोखंडावर तेलकटपणा, घाम किंवा जुना गंज राहिला असेल, तर तो धरत नाहीं. गंज पापुद्र्याखालून वाढतो आणि रंग उचलून टाकतो. दोष बहुधा रंगांत नसून रंगापूर्वीच्या सफाईंत असतो.

दुसरें कारण दारूचें. काळ्या दारूची राख हवेंतील ओल शोषून घेते. बार काढल्यावर तीवर नुसतें तेल फिरविलें, तर गंज तेलाखालींच सुरू होतो. ती राख पाण्यानेंच जाते. म्हणून प्रथम बंदूक भरलेली नाहीं याची खात्री करावी, नंतर त्याच दिवशीं नळी कढत पाण्यानें धुवावी, कोरडी चिंधी फिरवावी, व पूर्ण सुकल्यावर तेलाचा पातळ हात द्यावा. पावसाळ्यांत तर दर पंधरवड्यास ती पाहावी. कातडी किंवा कापडी खोळींत बंदूक ठेवूं नये. खोळ ओल धरते. दुनळी बंदूक कढत क्षारांच्या ब्लूइंगसाठीं देऊं नये, कारण त्यांत नळ्यांचा कथलाचा डाग सुटतो.

एक गोष्ट आम्हीं जुन्या कारकुनाच्या नात्यानें सांगावयास हवी. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कायद्यानें बंदुकीवरील ओळखीच्या खुणा नाहींशा करण्यास मनाई केली आहे. गंज घासतांना पॉलिशकागदाखालीं क्रमांक गेला, तर गरीब शेतकऱ्यास तें निस्तरणें कठीण. सफाई परवानाधारकाकडूनच करवावी, व क्रमांकास हात लागूं देऊं नये.

निवडणुकीच्या वेळीं जमा कराव्या लागणाऱ्या बंदुकाही धुऊन, तेल देऊनच द्याव्या. त्या कोरड्या जागीं ठेवल्या जाव्या, एवढी विनंति संघानें अधिकाऱ्यांस अवश्य करावी.

सारांश, रोगण हें पांघरूण आहे, औषध नव्हे. पांघरुणाखालीं रोग झांकण्यापेक्षां तो वेळींच पाहिलेला बरा.