घरात टिकलेली मायबोली

कॉकेशस पर्वतातल्या चेचेन लोकांना स्टालिनच्या हुकमाने २३ फेब्रुवारी १९४४ पासून मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात हद्दपार केले गेले. त्यांत शाळकरी वयाचे अबुझार आयदामिरोवही होते. परमुलखात चेचेन भाषेची शाळा नव्हती. भाषा टिकली ती घरातल्या बोलण्यात. १९५७ साली परतीची वाट मोकळी झाली. पुढे आयदामिरोव शिक्षक झाले, लेखक झाले. १८६५ मध्ये तुर्कस्तानात गेलेल्या हजारो चेचेन लोकांची कहाणी त्यांनी ‘दीर्घ रात्री’ या कादंबरीत मांडली, तीही मायबोलीत. २००५ साली ते निवर्तले. कादंबरी मात्र राहिली. वाचकहो, आपल्या घरांत मराठी-कन्नड दोन्ही सुखाने नांदतात. त्यांतली जी शाळेत शिकवली जात नाही, ती मुलांच्या कानांवर कोण घालणार? आपणच ना!