सहज सुचण्याजोगे, पण कशावरून?

वैद्यकीय प्रतिमा काढणाऱ्या यंत्राचा पेटंट अर्ज 'हे तर कोणत्याही तज्ज्ञाला सुचले असते' म्हणून फेटाळणे सोपे असते, कारण शोध समोर आल्यावर त्याच्यापर्यंतची वाट सरळच दिसते. सीटी स्कॅन घ्या. आरपार रेषांवरील बेरजांवरून मूळ आकृती काढण्याचे गणित योहान राडॉन यांनी 1917 मध्ये मांडले होते. विल्यम ओल्डेनडॉर्फ यांना 1963 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. ॲलन कॉर्मॅक यांचे लेख 1963 आणि 1964 मध्ये छापून आले, पण त्यांची फारशी कोणी दखल घेतली नाही. मेंदूच्या रुग्णाचे पहिले सीटी चित्र निघाले ते ऑक्टोबर 1971 मध्ये, लंडनमध्ये, गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर. साहित्य हाताशी असूनही जाणकारांनी इतकी वर्षे जे केले नाही, त्याला सहज म्हणायचे तर भक्कम कारण द्यावे लागेल.

हे कारण लेखी आलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. शोध जाणकाराला सहज सुचण्याजोगा नसावा, ही अट आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात आहे. ॲग्रीबोर्ड प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले की अर्ज नाकारताना आधीचे ज्ञान, अर्जातला शोध आणि एकातून दुसरा कसा सुचतो, या तिन्हींची चर्चा हवी. खरी कसोटी तिसऱ्या मुद्द्याची. दोन जुने दस्तऐवज शेजारी ठेवले, तरी ते जोडायची बुद्धी त्या काळच्या तंत्रज्ञाला का झाली असती, हा प्रश्न उरतोच.

यावर आक्षेप असा की एवढी काटेकोरी ठेवली तर बड्या कंपन्या किरकोळ बदलांवरही मक्तेदारी मिळवतील. भीती रास्त आहे, पण कारण जुन्या कागदातच सापडावे असे कोण म्हणते? सोनोग्राफीच्या प्रोबची वायर अडचणीची असते आणि बिनतारी जोडणी सर्वत्र रुळलेली आहे. एवढे दोन वाक्यांत लिहिले की केवळ वायर काढून टाकल्याचा दावा टिकत नाही. तळवलीच्या आसपास, ठाणे-बेलापूर पट्ट्यात, असे सुटे भाग बनवू पाहणाऱ्या लघुउद्योजकालाही याचाच आधार आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्याआधी, कलम 25(1) खाली कोणालाही हरकत घेता येते. त्या हरकतीत जुन्या पेटंटांची नुसती यादी जोडू नये. ती कोणी, कोणत्या अडचणीपोटी एकत्र केली असती हे लिहावे, आणि अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयानेही निर्णयात तेवढेच स्पष्ट उत्तर द्यावे.