सोयाबीनची ओल मोजता, भिंतीची कोण मोजणार?



सोयाबीन घेऊन मार्केटात गेलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, १२ हा आकडा त्याला झोपेतही पाठ असतो. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव तुटला, हमीभावाच्या केंद्रावर तं माल परतच. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ पर्यंत नेली, तेव्हा पारावर दुसरा विषय नव्हता. पण तेच सोयाबीन भाव वाढेल म्हणून आपण ज्या खोलीत चार-सहा महिने थप्पी मारून ठेवतो, त्या खोलीच्या भिंतीत किती ओल आहे हे कोणी पाहते का? माल खळ्यावर वाळवून, पाला-काडी निवडून आणायचा अन् ओल्या भिंतीला टेकवून ठेवायचा. मग फेब्रुवारीत खालचं पोतं उघडलं की कुबट वास येतो, अन् दोष जातो वाणाला.

आज त्या भिंतीबद्दलच लिहितो. घाटावर असो की घाटाखाली, आपल्या जिल्ह्यात अजून कितीतरी घरं धाब्याची आहेत, किंवा मातीच्या भिंतीवर टिनपत्रे टाकलेली आहेत. बहुतेकांकडं नवं घर झालं तरी जुनं घर पडलेलं नसते, तेच कोठार असते. माझं म्हणणं एवढंच आहे की ओलीचा डाग झाकायला आपण जो पैसा घालतो, तो आधी पाण्याची वाट शोधायला घाला. दरवर्षी दिवाळीत पुट्टी, दरवर्षी नवा रंग, अन् दरवर्षी श्रावणात तेच पोपडे. हे काय घर दुरुस्त करणं झालं का?

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. जिथं डाग दिसते तिथंच पाणी शिरलेलं असते असं नाही. धाब्यात शिरलेलं पाणी कडीच्या अंगानं चार-पाच हात चालत जाते अन् मग कुठंतरी टपकते. विलायतेत कारच्या मागं ओढत न्यायची घरं असतात, त्याला कॅरव्हॅन म्हणतात. जुन्या कॅरव्हॅनमध्ये आत लाकडी चौकट अन् बाहेर अल्युमिनियमचा पत्रा असते. खिडकीच्या किंवा छताच्या सांध्यातलं डिंकासारखं भरण वाळून फाटते, तिथून पाणी आत जाते, अन् डाग उमटते दूर कोपऱ्यात. तोवर आतलं लाकूड भुसा झालेलं असते. म्हणून ते लोक दरवर्षी दोन टोकांचं यंत्र भिंतीला टोचून ओल मोजतात. १५ च्या आत असलं तर ठीक, २० च्या वर गेलं की उघडून पहा, असा साधारण हिशोब आहे. चाकावरच्या घराला जे कळते ते आपल्या खणाच्या घराला लागू आहेच की.

आता आपल्याकडं ते यंत्र नाही. धान्याचं मॉइश्चर मीटर भिंतीला चालत नाही, अन् टोचायचं यंत्र आणलं तरी खारपाणपट्ट्यात ते फसवते. ते यंत्र विजेच्या प्रवाहावर चालते. भिंतीत मीठ असलं की प्रवाह जास्त वाहते अन् यंत्र उगाच जास्त ओल दाखवते. त्यापेक्षा घरातलं दाभण काढा. पोते शिवायचं दाभण. तुळईचं जे टोक भिंतीत जाते ना, तिथं दाभण टोचून पहा. चांगलं सागवान असलं तर टोक जेमतेम शिरते. पाव बोट सहज गेलं तर समजा की आत कुजलंय किंवा उधई लागलीय. तुळई बहुतेक वेळा भिंतीतल्या टोकाला आधी कुजते, कारण तिथं ओल असते अन् वारा नसते. वरून रंग दिलेली तुळई पाहून फसू नका.

भिंतीचं म्हणाल तर वेळ पाहा. पावसानंतर दोन-चार तासांत डाग दिसला अन् उघाड पडल्यावर हटला, तर पाणी वरून आहे. डिसेंबरातही जमिनीपासून कमरेइतका पट्टा ओला राहतो, तर पाणी पायातून चढते. बाराही महिने एकसारखा डाग आहे, तर न्हाणीघराची मोरी किंवा नळाचा सांधा पाहा. डागाच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. पंधरा दिवसांनी रेघेच्या आत आहे की बाहेर हे दिसते, अंदाजानं बोलावं लागत नाही. अजून शंका असली तर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा अन् दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या अंगाला थेंब आले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या अंगाला आले तर ती हवेतली, म्हणजे खोली बंद राहते, तिला झरोका पाहिजे.

धाब्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नव्या पोरांना हे कोणी सांगत नाही. तुळया, त्यावर कड्या, त्यावर किलचण, मग तुराट्या किंवा लिंबाचा पाला, त्यावर चिखल अन् सगळ्यात वर खारी माती. ही खारी मातीच का, काळी का नाही? काळी माती वाळली की भेगा पडतात, त्या भेगांतून पहिलाच पाऊस घरात. खाऱ्या मातीत सोडियम जास्त असते. ओली झाली की तिचे बारीक कण सुटे होऊन सगळी भोकं बुजवतात, अन् पाणी आत जायच्या ऐवजी वरून वाहून जाते. शेतात हेच झालं की आपण चोपण जमीन म्हणून कपाळाला हात लावतो, जिप्सम टाकतो. धाब्यावर मात्र हीच माती शोधून आणायची. शिवाय तिच्यात गवत फारसं उगवत नाही. जुन्या लोकांनी रसायनशास्त्र शिकलं नव्हतं, पण गाडीभर माती कुठून आणायची हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

चूक पुढं होते. दरवर्षी मृगाच्या आधी जुन्या थरावरच नवा थर टाकला जातो. वीस-तीस वर्षांत धाबं वीतभराचं हातभर होते. कोरडं असतं तेव्हाच ते लय जड, झडीत पाणी प्यालं की विचारूच नका. तुळया वाकतात, मध्ये खोलगट होते, तिथंच पाणी साचते, अन् तो साचलेला भाग बुजवायला आपण आणखी माती टाकतो. हे उलटं करा. उन्हाळ्यात धाबं खरवडा, जुना भुसभुशीत थर खाली उतरवा, मगच नवी खारी टाका अन् उतार पन्हाळाकडं काढा. पन्हाळ भिंतीच्या बाहेर दीड हात तरी पुढं आलं पाहिजे. पन्हाळ भिंतीलाच चिकटून गळत असलं तर वरचं सगळं काम वाया गेलं. अन् कठड्यात पिंपळाचं रोप दिसलं तर ते दोन पानांचं असतानाच मुळासकट काढा. पिंपळ तोडू नये म्हणणाऱ्यांनी ते बांधावर नेऊन लावावं, कठडा काही त्याची जागा नाही.

ताडपत्रीचं विचाराल तर एका पावसाळ्यापुरती ठीक. कायमची अंथरून ठेवली की खाली माती वाळत नाही, उंदीर घर करतात, ऊन खाऊन दोन वर्षांत चाळणी होते. पैसे असतील तर धाब्याच्या वर वीतभर पोकळी ठेवून टिनपत्रे टाका, दोन्ही तोंडं वाऱ्याला उघडी ठेवा अन् वरची माती कमी करा. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून ते नीट आवळा. उगाच दगड ठेवून भागवू नका.

आता खरं दुखणं. ते आपल्या घरात नाही, गल्लीत आहे. गल्लीत सिमेंटचा रस्ता आला, चांगलंच झालं, चिखल गेला. पण तो जुन्या रस्त्याच्या डोक्यावर आला. काही वर्षांनी दुसरा निधी आला, त्याच्यावर आणखी एक थर. ज्या घराला तीन पायऱ्या चढून जावं लागायचं, त्याच्या ओट्याच्या बरोबरीला आज रस्ता आलाय, अन् काही घरांत तर पायरी उतरून जावं लागते. घर खचलं नाही राजेहो, रस्ता वर आला. गल्लीचं सगळं पाणी मग भिंतीच्या पायात जाते. दगडी जोतं रस्त्याखाली गाडलं गेलं अन् मातीची भिंत थेट पाण्याला लागली. ह्याच्यावर तुम्ही आतून कितीही महागडं वॉटरप्रूफ मारा, काही उपयोग नाही.

म्हणून नवा रस्ता करताना जुना उकरून तेवढ्याच उंचीवर करा, अन् आधी नाली करा, हे ग्रामपंचायतीला सांगणं म्हणजे विकासाला विरोध नाही. उकरायचं काम अंदाजपत्रकात धरलेलं नसते म्हणून कोणी करत नाही. ते धरायला लावायचं काम आपलं आहे. रस्ता झाल्यावर ओरडून काही होत नाही.

तोवर आपल्या हातात काय? भिंतीच्या बाहेरून चर खोदा, पण पायाच्या खाली जाऊ नका अन् सगळी भिंत एकदम उघडी करू नका, तुकड्या-तुकड्यानं करा. चराला उतार द्या, गिट्टी भरा, पाणी लांब काढा. आपल्या काळ्या जमिनीत हे आणखी महत्त्वाचं आहे. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, अन् त्या ओढाताणीत कोपऱ्यांना तिरप्या भेगा पडतात. पायाजवळ पाणी मुरलं नाही की ही ओढाताणही कमी होते.

शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर भागातल्या मित्रांसाठी वेगळं. तुमच्याकडं बोअरचं पाणी खारं. त्याच पाण्यात प्लास्टरचा माल कालवला अन् त्याच पाण्यानं भिंत भिजवली की लोणा लागणारच. मीठ हवेतली ओल ओढते, म्हणून पाऊस नसतानाही आभाळ आलं की भिंत ओली दिसते. असा पांढरा थर पाण्यानं धुऊ नका, मीठ परत आत जाते. कोरड्या ब्रशनं झाडा, गोळा करून बाहेर फेका. डागाच्या वर हातभर प्लास्टर काढा, भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्या अन् नव्या कामाला गोडं पाणी आणा. टँकर महाग पडतो, खरं आहे, पण तेच काम दुसऱ्यांदा केलं तर त्याहून महाग पडते. जुलै २०२३ च्या पुराचं पाणी ज्या घरांत शिरलं होतं, त्यांनी तर आतून लगेच मारलेलं प्लास्टर एकदा ठोकून पाहावं. पोकळ वाजलं तर आतली भिंत तेव्हापासून वाळलेलीच नसेल.

सिमेंटबद्दल माझं मत गवंडी मंडळींना आवडत नाही, तरी लिहितो. मातीच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर करू नये. मातीची भिंत ओल घेते अन् सोडते. सिमेंटनं तोंड बांधलं की घेतलेली ओल बाहेर पडत नाही, ती वर चढते. बाहेरून भिंत टणक दिसते अन् आत चिखल. अशी भिंत इशारा न देता जाते. भिजवलेल्या चुन्याचं, नाहीतर माती, गव्हाचा भुसा अन् शेण आठ दिवस कुजवून केलेलं गिलावं लावा. ते दर दोन-तीन वर्षांनी डागडुजी मागते, हे कबूल. पण आपल्या सिंदखेडराजातलं जुनं बांधकाम चुन्याचंच आहे अन् ते अजून उभं आहे.

अन् हे मात्र पुढं ढकलू नका. भिंतीनं पोट काढलं, दार अचानक अडकायला लागलं, तुळईच्या टोकाखालून माती झरायला लागली, तर त्या खोलीत त्या रात्रीपासून झोपायचं नाही. आधी तुळईखाली टेकू द्या, मग गवंडी बोलवा. झड उघडून ऊन पडलं म्हणजे धोका गेला असंही नाही, पाणी प्यालेली भिंत नंतरही बसते. घर पडल्यावर पंचनामा होते, मदतीची यादी निघते. घरकुलाचे पैसे नवं घर बांधायला असतात. पडायच्या आधी डागडुजीला चार पैसे द्यावेत, अशी योजना कोणी मागतही नाही. मागायला पाहिजे.

मालाचं थोडक्यात. थप्पी भिंतीपासून दीड हात लांब, खाली विटांवर फळ्या, वरून खाली सगळीकडं वारा खेळला पाहिजे. बियाण्याच्या सोयाबीनची थप्पी पाच पोत्यांच्या वर नको, त्याचं साल पातळ असते, वजनानं दाबलं अन् ओल लागली की उगवण गेली. पेरणीआधी १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात उगवून पाहा. ७० च्या खाली आले तर ते बियाणं म्हणून पेरू नका, अन् ज्या बाजूच्या पोत्यातले दाणे कमी उगवले त्या बाजूची भिंत तपासा.

धाब्याचं काम एप्रिल-मे मध्येच होते, माती वाळायला ऊन लागते. चराचंही तसंच. अन् रस्त्याचा विषय १ मेच्या ग्रामसभेत लेखी द्या, पोच घ्या. सोबत आपल्या ओट्याचा अन् रस्त्याचा फोटो लावा, टेप धरून, म्हणजे किती बोटं रस्ता वर आला ते सगळ्यांना दिसेल.